सरळ काढलेला फोटो

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. पपांना नाही, आईला नाही, माझ्या वहीतसुद्धा नाही. वहीत मी इंग्रजीतून लिहिते, आणि ही गोष्ट दोन-तीनदा तिथे सुरू करून पाहिली, तेव्हा ती फारच नीटनेटकी व्हायला लागली. इंग्रजीत मला सगळं नीटनेटकं लिहायला शिकवलंय. म्हणून मराठीत लिहितेय. माझं मराठी शाळेतलं नाही — घरातलं आहे, आणि थोडं जंगलातलं. अडखळेल. अडखळू दे.

कुठून सुरू करू? गेल्या महिन्यापासून करते.

गेल्या महिन्यात नागपूरला फोटोची हौस असलेल्या लोकांची एक बैठक होती. पंधरा-वीस माणसं, सगळे पुरुष, आणि दाराजवळच्या खुर्चीत मी. वादाचा विषय असा की फोटो काढणाऱ्याने रचनेचे जुने नियम पाळावेत की नाही. तुम्हाला हे नियम माहीत नसतील. फार काही नाही — चौकटीवर मनातल्या मनात दोन उभ्या आणि दोन आडव्या रेघा ओढायच्या, त्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे चेहरा आणायचा. मधोमध काही ठेवायचं नाही. चेहरा ज्या बाजूला पाहतो त्या बाजूला मोकळी जागा सोडायची. उजेड समोरून घेऊ नये, कडेने घ्यावा. माणूस कॅमेऱ्याकडे टक लावून पाहत नसेल तर उत्तम. एक वकील होते, ते म्हणाले की नियम म्हणजे शंभर वर्षांचं शहाणपण. कॉलेजातला एक मुलगा म्हणाला की सगळे नियम चुलीत घाला. मग कोणीतरी माझा फोटो हातोहात फिरवला. दोन वर्षांपूर्वी एका प्रदर्शनात तो लागला होता.

एका मुलीचा चेहरा. रेघा छेदतात तिथे. अर्धा उजेडात, अर्धा सावलीत.

वकील म्हणाले, "ही सावली पाहा. केवढं गूढ आहे तिच्यात." तो मुलगा म्हणाला, "गूढ कसलं, पुस्तकातून उतरवलेला फोटो आहे हा." मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं. तुम्ही काय म्हणता, नियम पाळावेत का?

मी म्हणाले, "नियम माहीत असावेत, मग ज्याचं त्याने ठरवावं." माना डोलल्या. असं वाक्य कुठेही बोलता येतं, कोणालाही लागत नाही. खरं म्हणजे त्या सावलीत काय आहे हे त्या खोलीत मला एकटीला माहीत होतं. गूढ नाही. त्या सावलीत वच्छलाचा डावा डोळा आहे.

बैठकीहून चांद्याला घरी परत आले त्याच आठवड्यात दुसरी एक गोष्ट कळली. ती शेवटी सांगते. ती कळल्यापासून मन थाऱ्यावर नाही. मी मुलींच्या शाळेत शिकवते; वर्गात फळ्यावर लिहिताना मध्येच हात थांबतो, मुली एकमेकींकडे पाहतात. जेवताना उठते, पुन्हा बसते. आई म्हणते, तुला झालंय तरी काय? काही नाही, म्हणते मी. सहा वर्षं तेच म्हणत आलेय.

सहा वर्षांपूर्वी आमचा जिल्हा मध्यप्रदेशात होता, आणि पपा पोंभुर्ण्याकडच्या जंगलात रेंज ऑफिसर होते. धाकट्या भावाच्या शाळेसाठी आई नागपूरला राहत होती. मी नुकतीच मॅट्रिक झाले होते, पपांकडे आले होते. अठरा वर्षांची. नन्सच्या शाळेत अकरा वर्षं काढलेली. लोकांशी बोलायचं म्हटलं की माझी मान खाली जाई. अजूनही जाते. मामांनी मला एक कॅमेरा दिला होता — वरून खाली पाहायचा. पोटाशी धरायचा, मान खाली घालायची आणि झाकणातल्या काचेत पाहायचं. त्या काचेत डावं उजवीकडे दिसतं, उजवं डावीकडे. पण मला तो का आवडायचा सांगू? माणसाचा फोटो काढताना माणसाच्या तोंडाकडे पाहावं लागत नसे. त्याच्यापुढे मान खाली घालून उभं राहिलं तरी चाले.

आणि माझ्याकडे एक पुस्तक होतं, शाळेत बक्षीस मिळालेलं, फोटोच्या रचनेवरचं. मी ते धड्यासारखं पाठ केलं होतं.

डाकबंगल्याचे चौकीदार होते डोमाजी. बंगल्याच्या मागे त्यांचं कौलारू घर. बायको वारलेली, एक मुलगी — वच्छला, माझ्यापेक्षा वर्षाने मोठी. लहानपणी देवी आल्या त्यात तिच्या डाव्या डोळ्यात फूल पडलं होतं. बुबुळावर पांढरा ठिपका, तांदळाएवढा. त्या डोळ्याने तिला उजेड तेवढा कळे. नवं माणूस आलं की ती मान किंचित डावीकडे वळवायची, म्हणजे डावी बाजू मागे जाई. तिला तशी सवयच होती. डोमाजी रागवायचे, "सरळ पाह्य ना पोरी, चोरी केली काय?" मग ती मान सरळ करायची, थोडा वेळ.

माझ्यापुढे मात्र ती कधी मान वळवत नसे. का कोण जाणे. मी स्वतःच खाली पाहायची म्हणून असेल. अंगणात मी कॅमेरा घेऊन वाकले की ती झाडू थांबवून म्हणायची, "बाई, तुम्ही फोटो काढून राह्यल्या का तांदूळ निवडून राह्यल्या?" स्वतःच्या डोळ्यावरही बोलायची. "बाकीच्या बाया डोक्यात फूल घालतेत. मी डोळ्यातच घातलं. वाळत नाई." मला हसावं की नाही कळत नसे. ती माझी वाट न पाहता हसून मोकळी व्हायची.

मला मैत्रीण नव्हती. ती होती असं म्हटलं तर चालेल का? मी म्हणत नाही. मला तो अधिकार नाही.

त्या पावसाळ्यात वच्छलाला सिरोंच्याकडून स्थळ आलं. मुलगा लाकडाच्या डेपोवर मुन्शी, घरी आई आणि मामा. मुलगी पाहायला ते येऊ शकत नव्हते. श्रावणात तिकडचा रस्ता बंद, नाले भरलेले, मुलाच्या आईचे गुडघे दुखरे. मामांनी निरोप धाडला की फोटो पाठवा, फोटोवर ठरवू, दिवाळीनंतर रस्ता सुटला की कुंकू लावायला येऊ.

डोमाजींना हे पटलं नाही. त्यांच्यात कोणी फोटोवर मुलगी ठरवली नव्हती. दोन दिवस विचार करून ते बंगल्याच्या पायरीशी आले. पपा खुर्चीत होते, मी दारात.

"बाईच्या हातानं फोटो निघन काय जी?" त्यांनी पपांना विचारलं. पपा म्हणाले, निघेल की. मग ते माझ्याकडे वळले. "पन समोरून काढा, बाई. दोन्ही कान दिसले पाहिजे, दोन्ही डोळे दिसले पाहिजे. आमच्यात पोरगी पाहाले येतेत त तिले चालाले लावतेत, पाणी आणाले लावतेत, हात पाहतेत. फोटो चालत नाई का बोलत नाई. मंग जेवढं दिसते तेवढं तरी खरं दिसाले पाहिजे. डोळा लपवून पोरगी देली, त उद्या ते तिलेच बोलतीन. मले नाई बोलणार."

आता मला कळतं, डोमाजींचाही एक नियम होता. माझ्या पुस्तकातल्या नियमाइतकाच जुना असेल, किंवा अधिक. आणि त्याला कारण होतं. माझ्या नियमाला काय कारण होतं? चांगलं दिसतं, एवढंच. पण तेव्हा मी मनात म्हणाले — यांना काय कळतं. हसू आलं मला. ते हसू कोणाला दिसलं नाही, माझी मान खाली होती.

फोटो व्हरांड्यात काढला. पाऊस उघडला होता, उजेड पांढरा होता. वच्छला हिरव्या लुगड्यात भिंतीला पाठ लावून उभी. डोमाजी माझ्या शेजारी. पहिला फोटो त्यांनी सांगितला तसा काढला — मधोमध, समोरून, कान, डोळे, सगळं. तिला मान सरळ ठेवायला कष्ट पडत होते हे मला काचेत दिसत होतं. पण ठेवली तिने. बटण दाबेपर्यंत हलली नाही.

तेवढ्यात पपांनी डोमाजींना हाक मारली, ते गेले. मी म्हणाले, "अजून एक काढते, माझ्यासाठी."

"दोन कायले?"

"हा पहिला तिकडे जाईल. दुसरा माझा."

असं मी तिला सांगितलं. हे लक्षात ठेवा. मी ते स्पष्ट सांगितलं होतं.

मग मी पुस्तकाप्रमाणे सुरू केलं. तिला अंगणाकडे वळायला सांगितलं. काचेत उलटं दिसत असल्यामुळे मी सांगितलेली बाजू चुकली, ती भिंतीकडे वळली आणि हसायला लागली. पुन्हा सांगितलं, पुन्हा चुकलं. शेवटी कॅमेरा कठड्यावर ठेवून मी तिच्याजवळ गेले, दोन बोटांनी तिची हनुवटी धरली आणि चेहरा उजेडाकडे वळवला. तिची कातडी थंड होती. "इथेच राहा," म्हटलं. परत आले, काचेत पाहिलं — आणि अंगावर काटा आला. पुस्तकातल्या चित्रासारखं दिसत होतं सगळं. उजवी बाजू उजेडात, डावी बाजू सावलीत बुडालेली. तोवर मी काढलेला एकही फोटो तसा दिसला नव्हता.

फिल्म मीच धुतली, न्हाणीघरात. दोन्ही फोटो चांगले आले. दोन्ही. पण पावसाने माझे फोटोचे कागद ओल धरून डागाळले होते, पाकिटात एकच धड कागद उरला होता. नागपूरहून नवे यायला पंधरा दिवस. डाक सकाळी जाणार. डोमाजी एका साहेबांबरोबर दुसऱ्या मुक्कामी गेलेले. दोन निगेटिव्ह आणि एक कागद.

इथे मी नेहमी थांबते. मनातल्या मनात ही गोष्ट सांगतानाही इथेच थांबते, आणि मग स्वतःला सांगते की मी वच्छलाचं भलं पाहिलं. तिच्यावर दया केली. तिचं लग्न व्हावं म्हणून केलं. तुम्हालाही तसं वाटायला लागलं असेल. पण ते खरं नाही. तिचा डोळा त्या वेळी माझ्या मनातही नव्हता. माझ्या मनात एवढंच होतं की तो पहिला फोटो — मधोमध डोकं, टक लावून पाहणारं, सरकारी कागदाला चिकटवतात तसा — तो माझ्या हातचा म्हणून कोणी पाहू नये. सिरोंच्याची कधी न पाहिलेली माणसं. त्यांना तरी कळावं की मला फोटो काढता येतो. मी दुसरा छापला. वाळल्यावर पाठीमागे पेन्सिलीने, बारीक अक्षरात, माझं नाव लिहिलं. आणि पाकीट डाकेच्या थैलीत टाकलं.

वाईट वाटलं असेल का? नाही. मला अभिमान वाटला.

सिरोंच्याचं कार्ड दिवाळीच्या आधी आलं. डोमाजींना वाचता येत नव्हतं. ते कार्ड दोन्ही हातांत धरून माझ्याकडे आले, वच्छला त्यांच्यामागे. मी वाचायला लागले. फोटो पावला. सर्वांनी पाहिला. मुलीत काही उणे दिसत नाही. मुलगी पसंत आहे. माघात कुंकू लावायला येतो.

ती मधली ओळ मी डोळ्यांनी वाचली. तोंडाने वाचली नाही.

त्या क्षणी मला पहिल्यांदा कळलं मी काय केलं होतं. आणि त्याच क्षणी मी ते झाकलं. एका दमात. एवढ्या झटकन मी आयुष्यात दुसरं काही केलेलं नाही.

"म्हंजे डोळा पायला त्यायनं," डोमाजी म्हणाले. "पाहून हो म्हटलं."

मी कार्डाकडे पाहत राहिले. ते संध्याकाळपर्यंत गावभर सांगून आले. वच्छला तशीच पायरीवर बसली होती. मग म्हणाली, "बाई, मले नाई वाटलं होतं. डोळा पाहून कोनी हो म्हणन म्हणून."

तेव्हा बोलायचं होतं. नवे कागद आले होते, पहिला फोटो छापून पाठवता आला असता. तीन महिने होते हातात. मी काय केलं? मी तिला तळायला ठेवलेले पापड आहेत का असं काहीतरी विचारलं.

त्या तीन महिन्यांत वच्छलाने मान वळवणं सोडलं. हे मी पाहिलं. दौऱ्यावर आलेले साहेब, ठेकेदार, बैलगाडीवाले, कोणीही असो — ती सरळ पाहायची, पाणी देताना, बोलताना. डोमाजींनाही ते दिसलं. ते एकदा पपांना म्हणाले, "पोरीची मान सरळ झाली जी." मी आत बसून ऐकत होते. दार लावून घेतलं.

माघात सिरोंच्याची मंडळी आली. मुलाची आई, मामा आणि दोन नातेवाईक. सकाळची वेळ, कोवळं ऊन. डोमाजींच्या अंगणात जांभळीच्या डहाळ्यांचा छोटा मांडव. पपा साहेबी टोपी घालून एका खुर्चीत, मी त्यांच्यामागे उभी. आत भात शिजत होता, वड्यांचा वास येत होता. वच्छलाला पदर पुढे ओढून पाटावर बसवलं. मुलाच्या आईने बोट कुंकवात बुडवलं, दुसऱ्या हाताने तिची हनुवटी वर केली.

बोट कपाळापर्यंत गेलं नाही.

"हे काय व्हय?" ती बाई म्हणाली. मोठ्याने नाही. "पोरी, इकडे पाह्य. दादा, इथी ये जरा."

मामा आले, वाकून पाहिलं. डोमाजींना अजून काही कळलं नव्हतं. ते हसत म्हणाले, "फोटोत दिसलाच होता ना जी तुम्हाले. लहानपनी देवी आल्या होत्या तिले."

मामांनी कोटाच्या खिशातून कागदात गुंडाळलेला फोटो काढला. "ह्यात दाखवा, डोमाजीभाऊ. कुठी आहे डोळा? आमाले सिरोंच्याहून तीन दिवस हे पाहाले आणलं काय?"

डोमाजींनी तो फोटो पहिल्यांदाच हातात घेतला. फार वेळ पाहत होते. उन्हात धरला, सावलीत धरला. मग वच्छलाकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"बाई, समोरून काढला होता ना जी? मी उभा होतो."

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. पपांनी मान वळवून पाहिलं. आधी इंग्रजी शब्द आले तोंडाशी, ते गिळले. आणि मग मी म्हणाले —

"पहिला फोटो खराब झाला. दुसऱ्याच्या वेळी तिनेच मान वळवली."

हे ते वाक्य. सहा वर्षांत मी ते लिहून पाहिलं नव्हतं. लिहिल्यावर केवढंसं दिसतं.

लोकांना ते लगेच पटलं. का पटणार नाही? तिची सवय सगळ्यांना माहीत होती. मला माहीत होती — म्हणूनच मी ते वाक्य निवडलं. घाबरून तोंडातून निसटलं असं म्हणायला मला आवडलं असतं.

"म्हंजे पोरीले मालूम होतं," मामा म्हणाले. "तिनंच लपवलं."

वच्छलाने पदर मागे सारला आणि माझ्याकडे पाहिलं. तोंड उघडलं. मग तिची नजर पपांच्या बुटांवर गेली, तिथून तिच्या बापावर, घरावर — ते घर खात्याचं होतं, नोकरी खात्याची होती. तोंड मिटलं. माझ्या बापाच्या हाताखाली तिचा बाप होता, आणि ही गोष्ट त्या अंगणात आम्हा दोघींना अगदी सारखी कळली.

मंडळी पाणी न घेता उठली. जाताना मुलाची आई म्हणाली, "डोळ्याचं काई नव्हतं वो. आधी सांगतलं असतं त विचार केला असता. खोटं कायले बोलले?" विचार केला असता. हे शब्द ती डोमाजींना म्हणाली, पण ते चुकीच्या माणसापाशी गेले.

डोमाजी ओरडले नाहीत, मुलीवर हात उगारला नाही. त्या दुपारी तिने त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला, तो त्यांनी बाजूला सारला आणि म्हणाले, "तोंड लपवते त्याच्या हातचं मी नाई घेत." एवढंच. त्या दिवसापासून ते विहिरीवरून स्वतः पाणी आणायला लागले. भात स्वतः शिजवायचे. एका चुलीवर दोनदा स्वयंपाक. वच्छलाची मान पुन्हा वळली, आता बापापुढेही.

पपा त्या रात्री जेवताना एवढंच म्हणाले की बिचाऱ्या मुलीने घाबरून केलं असेल. मी वरण वाढून घेतलं.

उन्हाळ्यात पपांची चांद्याला बदली झाली. निघायच्या आदल्या दिवशी वच्छला व्हरांड्यात आली. माघापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलत होती. विनोद बंद. ती माझ्या कॅमेऱ्याच्या चामडी पेटीकडे पाहत म्हणाली, "बाई, मले सिरोंच्याचं काई नाई. ते गेलं. पन जायच्या आधी बाबाले एक शब्द सांगून जा. मी बोलली त ते खरं नाई मानत."

तिने आरोप केला नाही. माझ्या दोन बोटांची आठवण काढली नाही. एक शब्द मागितला.

मी म्हणाले, "सांगते."

दुसऱ्या दिवशी सामान ट्रकवर चढवलं ते डोमाजींनीच. पेट्या, पलंग, पपांची पुस्तकं. मी पुढे ड्रायव्हरशेजारी बसले होते. पपा अजून आत कागद सोपवत होते. डोमाजी खिडकीशी आले. डोक्यावरचा फेटा सोडून त्याच कापडाने घाम पुसला आणि म्हणाले, "बाई, तुमचा फोटो चांगलाच होता. आमच्याच नशिबात खोट."

कोणी ऐकायला नव्हतं. पपा नव्हते. वच्छला लांब जांभळीखाली उभी होती, ती आमच्याकडे पाहत होती. पाच मिनिटं तरी होती. एक वाक्य लागणार होतं. मी मांडीवरच्या कॅमेऱ्याचं झाकण उघडलं आणि आत काचेत पाहायला लागले, जसं काही पाहायचं आहे. काचेत डोमाजी उलटे, खिडकीच्या कडेला दिसत होते.

"येते, डोमाजी," मी म्हणाले.

त्यानंतर काही वर्षांनी तो दुसरा फोटो मी प्रदर्शनाला पाठवला. हेही मीच केलं. कोणी सांगितलं नव्हतं.

आता ती दुसरी गोष्ट. नागपूरच्या बैठकीहून परतले त्या आठवड्यात त्या बाजूच्या जंगलातला एक गार्ड पपांकडे काही कागद घेऊन आला होता. चहा पिता पिता त्याने सांगितलं, की डोमाजी पौषात गेले. मुलीचं कसं, असं मी विचारलं. तो म्हणाला, "आहे जी तिथीच. शेवटपर्यंत केलं तिनं बापाचं. अंग पुसाची, पांघरूण घालाची. पन म्हातारा लय जिद्दी. पाणी शेजारणीच्या हातूनच घेतलं, शेवटलं बी."

पपा म्हणाले, "सचोटीचा माणूस होता." मी कपबश्या उचलल्या.

नियम पाळावेत की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही. माझ्या पुस्तकातल्या नियमाने काही केलं नाही. त्याच्यामागे उभं राहायला मला जागा मिळाली, इतकंच. पहिला फोटो खराब झाला नव्हता. मान वच्छलाने वळवली नव्हती.

चांद्याहून पोंभुर्ण्याकडे, पावसाळा सोडला तर, रोज एक प्रवासी मोटार जाते. सकाळी आमच्या शाळेत प्रार्थना चालू असते तेव्हा ती फाटकावरून जाते, धूळ आत येते, मुली खोकतात. सहा वर्षांत मी तिच्यात एकदाही बसलेली नाही.